साठ लाख लिटरचा आरोप : आयपीएल २०१६ आणि राजीव शुक्ला यांची बाजू

२०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या गावात, अमळनेर तालुक्यात, टँकर दिवसाआड यायचा. येणार कधी याचा नेम नसायचा, म्हणून पहाटेपासूनच टिपाडं, हंडे, कॅन रांगेला लावलेले असायचे. मी गावातल्या आणि आसपासच्या पोरांना क्रिकेट शिकवतो. रोज संध्याकाळी किटबॅग खांद्यावर टाकून त्या रांगेशेजारून जायचो. एका संध्याकाळी पारावर बसलेल्या आप्पांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "तुना आयपीएलना सायेब आमनं पानी पी गया रे."

आप्पा माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि बाजरी. त्यांच्या विहिरीने त्या वर्षी फेब्रुवारीतच तळ दाखवला होता. ते चिडले होते आणि त्यांना चिडायचा हक्क होता. त्यांनी ज्या साहेबावर राग काढला ते म्हणजे आयपीएलचे अध्यक्ष राजीव शुक्ला. त्या एप्रिलमध्ये वाहिन्यांवर, अग्रलेखांत आणि चहाच्या टपरीवर सगळीकडे तोच चेहरा होता. मी आप्पांना त्या दिवशी उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता जे हाती लागलं ते आता शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांपुढे दरवर्षी एक प्रकरण म्हणून मांडतो. इथे ते पूर्ण लिहितो आहे. शुक्ला यांच्यावर पाण्यासाठी झालेली टीका अन्यायाची होती, असं माझं मत आहे. त्यांची चूक होती, पण ती वेगळीच होती.

काय घडलं

२०१५ चा पावसाळा वाया गेला. त्याच्या आधीचाही बेताचाच होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्य सरकारने १४ हजारांहून जास्त गावांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर केली. या गावांची पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत होती. खान्देशात पारोळा, अमळनेर, चाळीसगाव, शिंदखेडा या तालुक्यांना हे शब्द नवे नाहीत.

मार्चमध्ये आयपीएलच्या नवव्या हंगामाचं वेळापत्रक आलं. चेन्नई आणि राजस्थान हे दोन संघ निलंबित होते, त्यांच्या जागी पुणे आणि राजकोटचे नवे संघ आले होते. त्यामुळे महाराष्ट्राच्या वाट्याला मुंबई, पुणे आणि नागपूर मिळून २० सामने आले. अंतिम सामनाही मुंबईत वानखेडेवरच ठरला होता.

लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. या २० सामन्यांच्या खेळपट्ट्या आणि मैदानांसाठी सुमारे ६० लाख लिटर पाणी लागणार, असा आकडा त्यात होता. न्यायमूर्ती कानडे आणि न्यायमूर्ती कर्णिक यांच्या खंडपीठाने क्रिकेट मंडळाला खडे बोल सुनावले. लोक महत्त्वाचे की आयपीएल, असा प्रश्न न्यायालयानेच विचारला, तेव्हा देशभर त्याची बातमी झाली. ९ एप्रिलचा सलामीचा सामना वानखेडेवर झाला. १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. आणि १३ एप्रिलला आदेश आला : ३० एप्रिलनंतरचे सगळे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. असे १३ सामने होते. मुंबई आणि पुण्याचे संघमालक मुख्यमंत्री निधीत प्रत्येकी पाच कोटी द्यायला तयार आहेत, मैदानासाठी प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू, पिण्याचं पाणी घेणार नाही, असं मंडळाने न्यायालयात सांगून पाहिलं, पण त्याचा उपयोग झाला नाही. नंतर पुण्यातल्या १ मेच्या एका सामन्याला तेवढी सवलत मिळाली. मुंबई आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २७ एप्रिलला तिथेही त्यांना नकार मिळाला. अंतिम सामना २९ मे रोजी बंगळुरूला झाला.

न्यायालयाबद्दल माझी तक्रार नाही. समोर आलेल्या याचिकेवर त्याने दुष्काळाचं गांभीर्य राखून निर्णय दिला. माझा आक्षेप बाहेरच्या टीकेवर आहे. तिने एका माणसाला पाणीचोर ठरवून टाकलं.

साठ लाख लिटर म्हणजे किती

आप्पांना उत्तर द्यायचं तर आधी हा आकडा समजून घ्यायला हवा होता. लिटरमध्ये सांगितला की तो डोंगराएवढा वाटतो. टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, सांगितला की दिसेनासा होतो. दोन्ही रीतींनी माणसाची फसगत होते, म्हणून मी तो आमच्या मापाने मोजला.

माझे मामा चोपडा तालुक्यात केळी लावतात. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी साधारण १७५० खोडं बसतात. ठिबकवर, उन्हाळ्याच्या ऐन भरात, एका खोडाला दिवसाला वीसेक लिटर पाणी लागतं. म्हणजे एकराला ३५ हजार लिटर आणि अडीच एकराला सुमारे ८७ हजार. या हिशेबाने ६० लाख लिटर म्हणजे अडीच एकर केळीच्या बागेचं ६८-६९ दिवसांचं पाणी. जळगाव जिल्ह्यात केळी हजारो हेक्टरवर आहे. म्हणजे मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन शहरांतल्या २० सामन्यांना जेवढं पाणी लागणार होतं, तेवढं एक हेक्टर केळी एका उन्हाळ्यात पिते. मामांनी हा हिशेब दोनदा करायला लावला आणि मग बराच वेळ बोलले नाहीत.

दुसरा हिशेब धरणाचा. एप्रिलच्या आमच्या उन्हात उघड्या पाण्यावरून दिवसाला सहा मिलिमीटर वाफ होते असं धरलं, आणि हे हात राखून धरलेलं आहे, तर एका चौरस किलोमीटर पाण्यावरून रोज ६० लाख लिटर उडून जातं. फक्त एका दिवसात. गिरणा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे साडेअठरा टीएमसी. त्यातले ६० लाख लिटर म्हणजे जवळपास ८७ हजारांतला एक भाग.

उसाचं तर वेगळंच. राज्याच्या एकूण पीकक्षेत्रात उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आत आणि सिंचनाच्या पाण्यात मात्र सुमारे ७० टक्के, ही गोष्ट केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने आपल्या अहवालात लिहून ठेवली आहे. हे सांगताना मला ऊस लावणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. आमच्या केळीलाही कुणी तसंच उभं करू शकेल. पाणी कुठे जातं हे मोजायचं तर ते सगळीकडे मोजावं लागतं.

आता उलटी बाजू. एक साधा टँकर दहा हजार लिटरचा. म्हणजे ६० लाख लिटर म्हणजे ६०० टँकर. टंचाईत माणशी वीस लिटर धरलं तर पाच हजार वस्तीच्या गावाला दोन महिने पुरेल एवढं पाणी. पारोळ्याच्या ज्या बाईने टँकरच्या रांगेत दोन तास काढले, तिला धरणातल्या ८७ हजाराव्या भागाचं गणित सांगायची माझी हिंमत नाही. तिच्या मापात ६० लाख लिटर फार मोठे आहेत आणि तिचंच माप खरं आहे. प्रश्न एवढाच की वानखेडेवर न टाकलेलं पाणी तिच्या हंड्यात येणार होतं का. ते येणार नव्हतं. कारण तिच्या हंड्यात पाणी नव्हतं ते वानखेडेमुळे नव्हतं. तिच्या गावची योजना बंद होती, विहीर अधिग्रहणाचा कागद तहसीलमध्ये अडला होता, टँकरच्या फेऱ्या कागदावर जास्त आणि गावात कमी होत्या. निम्न तापीचं पाडळसे धरण आमच्याच तालुक्यात वर्षानुवर्षं अर्धवट पडून होतं आणि तापीचं पाणी डोळ्यांदेखत पुढे वाहून जात होतं. यातलं काहीही आयपीएलच्या अध्यक्षाच्या हातात नव्हतं.

मैदानाला पाणी का लागतं

टीका करणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटत होतं की मैदानावर पाणी टाकतात ते हिरवं दिसावं म्हणून. मी स्वतः मैदान राखतो, म्हणून इथे थोडं सविस्तर सांगतो.

खेळपट्टी २२ यार्ड लांब आणि दहा फूट रुंद. म्हणजे ६१ चौरस मीटर, आमच्या घराच्या ओसरीपेक्षा थोडीच मोठी. ती चिकणमातीची असते. ही माती ओली असताना फुगते, वाळताना आवळते आणि त्या मधल्या अवस्थेत रोलर फिरवला तर दगडासारखी बसते. पाणी कमी पडलं तर ती घट्ट न होता भुसभुशीत होते, चेंडू कधी घोट्याला तर कधी छातीला येतो. म्हणून खेळपट्टीला पाणी हवंच, पण ते थोडं लागतं. जास्त पाणी लागतं ते बाहेरच्या गवताला. ७० मीटर त्रिज्येचं मैदान म्हणजे सुमारे पंधरा हजार चौरस मीटर. २० सामन्यांना ६० लाख लिटर म्हणजे सामन्यामागे तीन लाख. ते या मैदानावर पसरलं तर वीस मिलिमीटरचा थर होतो, म्हणजे आमच्या भाषेत पिकाला पाण्याची एक हलकी पाळी.

आणि हे पाणी फक्त सामन्यासाठी नसतं. गवत एकदा जळालं की ते पुन्हा धरायला अख्खा पावसाळा जातो. म्हणून ग्राउंड्समन सामना असो वा नसो, गवत जगवण्याइतकं पाणी देतोच. सामने विशाखापट्टणमला गेले म्हणून वानखेडेचं सगळं पाणी वाचलं असं झालं नाही. विशाखापट्टणमच्या गवतालाही तेवढंच पाणी लागलं. मुंबईच्या सामन्यांसाठी आधी जयपूरचा विचार झाला, तर तिथेही पाण्याचा प्रश्न न्यायालयात पोहोचला. त्याच महिन्यात केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं की देशात ३३ कोटी लोकांना दुष्काळाची झळ बसली आहे. सामना हलवल्याने फक्त त्याचा पत्ता बदलत होता.

अध्यक्षाच्या हातात काय होतं

इथे माझे विद्यार्थी नेहमी अडखळतात. त्यांना वाटतं, लीगचा प्रमुख म्हणजे लीगमधल्या सगळ्या गोष्टींचा मालक. तसं नसतं. वानखेडे मुंबई क्रिकेट संघटनेचं, पुण्याचं गहुंजे महाराष्ट्र संघटनेचं, नागपूरचं जामठा विदर्भाचं. मैदानाचे कर्मचारी त्यांचे, पाण्याची जोडणी त्यांची, पाण्याचं बिलही त्यांचं. पाणी कुणाला द्यायचं हे पालिका, जलसंपदा खातं आणि जिल्हाधिकारी ठरवतात. अध्यक्ष आणि नियामक परिषद वेळापत्रक ठरवतात, प्रक्षेपण आणि संघमालकांशी करार करतात, आणि काही बिघडलं की कॅमेऱ्यासमोर उभे राहतात. मुख्य संचालन अधिकारी सुंदर रामन नोव्हेंबर २०१५ मध्ये पायउतार झाले होते. स्पर्धेच्या पहिल्या हंगामापासून रोजचा कारभार ज्यांनी हाकला तो माणूस गेल्यावर पाचच महिन्यांत हे वादळ आलं. उभं राहायला शुक्लाच उरले.

ते उभे राहिले, हे मी त्यांच्या बाजूने मोजतो. मैदानाला पिण्याचं पाणी वापरायचं नाही, प्रक्रिया केलेलं वापरायचं, आणि दुष्काळात मदत लागली तर द्यायला तयार आहोत, ही भूमिका त्यांनी उघडपणे घेतली. सगळा दोष क्रिकेट संघटनांवर ढकलणं त्यांना सोपं होतं. कागदोपत्री ते खरंही ठरलं असतं. तसं त्यांनी केलं नाही.

टीकेतला एक मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो आणि तो लिटरचा नाही. लोक तहानलेले असताना नाचगाणी, रोषणाई आणि षटकारांवर फटाके, हे शोभतं का? माझ्या वर्गात एका मुलीने हा प्रश्न रडवेल्या आवाजात विचारला होता. तिच्या वडिलांची मोसंबीची बाग त्या वर्षी वाळली होती. मी तिला आमच्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, आठवण दिली. २०१६ मध्ये आखाजी ९ मे रोजी होती. दुष्काळाचा तो सगळ्यात कठीण आठवडा. तरी लेकी माहेरी आल्या, निंबाला झोके बांधले, गौराईची गाणी म्हटली, सांजोऱ्या झाल्या. कुणी म्हणालं नाही की पाणी नसताना झोका घेता, लाज नाही वाटत? कारण त्या चार दिवसांनीच बाईला पुढचे दोन महिने काढायचं बळ दिलं. गावात टीव्हीवर सामना बघणाऱ्या पोरांचंही तेच होतं. दिवसभर रोजगार हमीच्या खड्ड्यावर राबलेला माणूस रात्री आठला कोहलीची खेळी बघायला बसायचा. त्या हंगामात कोहलीने चार शतकं केली. दुष्काळाची खिल्ली उडते आहे असं त्या माणसाला वाटलं नाही. मुंबईच्या स्टुडिओत बसलेल्यांना तसं वाटलं, आणि त्यांनी ते त्याच्या नावाने सांगितलं.

त्या मुलीचं समाधान झालं असं मला वाटत नाही. तिने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मग चूक कुठे

चूक ऑक्टोबर ते मार्च या पाच महिन्यांत आहे.

साक्री आणि धुळ्याकडे, पांझरेच्या काठी, फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. बंधाऱ्यावरून पाट निघतो, शेतं फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक. पाटकरी आणि जागल्या गावाने नेमलेले. त्या पद्धतीतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट अशी की पाणी कमी दिसलं की लोक हंगामाआधीच बसतात आणि या वर्षी कोणता फड पडीक ठेवायचा ते ठरवतात. नदी आटल्यावर भांडायला कुणी थांबत नाही. ज्याचा फड पडीक, त्याला वाईट वाटतं, पण त्याला कुणी चोर म्हणत नाही, कारण तो निर्णयाला हजर होता.

लीगच्या प्रमुखाने हेच करायला हवं होतं. १४ हजार गावांची पैसेवारी ऑक्टोबरमध्ये जाहीर झाली होती. वेळापत्रक मार्चमध्ये आलं. या काळात राज्य सरकारशी आणि तिन्ही संघटनांशी बसून मैदानागणिक पाण्याचा हिशेब मांडता आला असता. प्रक्रिया केलेलं पाणी कुठून येणार, त्याचे टँकर किती, याचा करार आधीच करता आला असता. प्रत्यक्षात सांडपाण्याची गोष्ट याचिका आल्यावर न्यायालयात निघाली. पाच कोटींची गोष्टही तिथेच निघाली. तोच प्रस्ताव फेब्रुवारीत आला असता तर मदत ठरला असता, एप्रिलमध्ये तो सुटकेची किंमत वाटला. मुख्यमंत्र्यांनीही सामने बाहेर गेले तरी हरकत नाही असं जाहीर सांगितलं, तेव्हा लीगच्या बाजूने बोलायला कुणी उरलंच नव्हतं. आधी बोलावून बसवलं असतं तर कदाचित उरलं असतं.

ही चूक मोठी आहे. पण ती व्यवस्थापनाची चूक आहे, उशिराची. पाणी पळवल्याची नाही. दोन्हींत फरक करणं मला फार गरजेचं वाटतं, कारण चोरीचा आरोप ठेवला की आपण शिक्षा देऊन मोकळे होतो आणि पाण्याचा प्रश्न आहे तिथेच राहतो. १३ सामने गेले. त्यानंतर आमच्या तालुक्यात टँकरची एक फेरी वाढली नाही. वाहिन्यांनी विषय बदलला. शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून बंधारे बांधले, विहिरींना पाणी आणलं, ते काम आमच्यापासून तासा-दीड तासावर. त्या एप्रिलमध्ये आयपीएलवर जेवढे तास चर्चा झाली त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी तरी त्या कामावर व्हायला हवी होती असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

वर्गात शेवटी मी विद्यार्थ्यांना एक पत्र लिहायला लावतो. तारीख नोव्हेंबर २०१५. लिहिणारा लीगचा प्रमुख, घेणारे राज्याचे मुख्य सचिव. मागच्या वर्षी पारोळ्याच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेलं मी जपून ठेवलं आहे. त्यात त्याने फक्त चार गोष्टी मागितल्या होत्या : कोणत्या तारखेनंतर कोणत्या शहरात पाणी नसेल ते आम्हाला सांगा. प्रक्रिया केलेल्या पाण्याचा दर सांगा. आम्ही वापरू तेवढंच पाणी टँकरने टंचाईच्या गावांना आमच्या खर्चाने देऊ, त्या गावांची यादी द्या. आणि एवढं करूनही जमणार नसेल, तर वेळापत्रक लागायच्या आधी सांगा, आम्ही सामने नेतो.

ते पत्र मी आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली, मग म्हणाले, "मॅची तिकडे नेई टाक्यात, मंग आमनी हिरमा (विहिरीत) पानी वनं (आलं) का? नही वनं." थोडं थांबले आणि पत्राकडे बोट दाखवून म्हणाले, "ती गावसनी यादी लिखी ना पोऱ्यानी, तिन्हामा आपलं गाव से का, ते देख."